जुना मोगरा जमिनीतून काढून दुसरीकडे लावायचाय, कधी आणि कसा?

मानेवाडा_अंगण: आमच्या सासूबाईंच्या हातचा बटमोगरा आहे, कमरेएवढं मोठं झुडूप झालंय आणि आता नेमकं तिथंच पार्किंगचं काँक्रीट टाकायचं चाललंय. काम मार्चमध्ये सुरू होणार. झाड मरू द्यायचं नाहीये काहीही झालं तरी. आता हलवू की पावसाळ्यापर्यंत काम थांबवायला सांगू? माती आपली नेहमीची काळी.

रोपवेडा: ताई पावसाळाच बरा, मृगाचा एकदोनदा चांगला पाऊस झाला की काढा, हवेत ओल असते त्यामुळे झाड सुकत नाही.

संत्रेवाला_काटोल: भाऊ, हवेतल्या ओलीचं बरोबर आहे, पण काळी माती पावसात चिखल होते, मुळांभोवतीचा गोळा हातात राहतच नाही, सगळी गळून पडते. आणि ताईंचं काम तर मार्चमध्येच आहे. माझ्या मते जानेवारीत काढा. थंडीत मोगरा झोपलेला असतो, आम्ही आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) संत्र्याचं पाणी तोडून ताण देतो ना तसंच त्याला पण पाणी कमी करा डिसेंबरात. आत्ताच बुडापासून दीडेक फुटावर गोल चर मारून बाजूची मुळं कापून ठेवा आणि चर मातीनं परत भरा, म्हणजे काढायच्या वेळेपर्यंत आतल्या बाजूला बारीक मुळं फुटायला लागतात, झाड जगतं ते याच मुळांवर. काढायच्या दोनतीन दिवस आधी भरपूर पाणी द्या आणि वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली, की खोदा, माती कोरडी असली तर भेगांवरून गोळा फुटतो. गोळा गोणपाटात घट्ट बांधा आणि बुंध्याला धरून उचलू नका, खालून उचला.

मानेवाडा_अंगण: आणि छाटणी? एवढ्या फांद्या कापायला जीव होत नाही.

संत्रेवाला_काटोल: कापाच ताई, निम्म्यापर्यंत. मुळं कमी झाली तर वरचा पसारा पण कमी पाहिजे. एरवीसुद्धा मोगरा छाटल्यावरच फुलतो, कळ्या नव्या फुटीवर येतात.

हिरवी_गच्ची: एक जोडते. नवीन खड्ड्यात थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा, पावसाळ्यात पाणी साचणार नाही अशी जागा बघा, मोगऱ्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच लावा. रासायनिक खत नवीन पानं येईपर्यंत नकोच. आणि सावलीसाठी ग्रीन नेट आत्ताच आणून ठेवा, कारण आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या वर जातं आणि खरी परीक्षा तेव्हाच आहे, आळ्यात वाळलेल्या पानांचा जाड थर द्या नि रोज संध्याकाळी पाणी. छाटलेल्या फांद्या फेकू नका, वीतभर काड्या कापून कुंडीत खोचा, सावलीत ठेवा, काही तरी जगतीलच, म्हणजे सासूबाईंचा मोगरा एकाच झाडावर अवलंबून राहणार नाही.

मानेवाडा_अंगण: काड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप धन्यवाद. उद्याच चर मारायला घेते. या उन्हाळ्यात फुलं येतील का?

संत्रेवाला_काटोल: थोडी येतील, पण पहिल्या कळ्या खुडून टाका. यंदा त्याला मुळं धरू द्या.