पोर्ट सैद: वाळूच्या पट्टीवरचं बंदर

सुएझ कालव्याचं महत्त्व सांगताना बहुतेक जण फक्त आफ्रिकेचा वळसा टळून किती अंतर कमी झालं याचाच विचार करतात. मला त्यात पोर्ट सैदबद्दल, म्हणजे इजिप्तमधल्या या कालव्याच्या भूमध्य समुद्राकडच्या तोंडावरच्या बंदराबद्दल, थोडी भर घालायची आहे.

१८५९ साली कालव्याचं खोदकाम सुरू झालं ते इथूनच. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला मंझाला सरोवर आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तेव्हा तिथे गोडं पाणीसुद्धा नव्हतं! उपसलेल्या गाळाची भर घालून शहरासाठी जमीन तयार केली. नाईलचा गाळ समुद्राच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे सरकतो, म्हणून पश्चिमेची लाटरोधक भिंत मुद्दाम जास्त लांब बांधली. नाहीतर कालव्याचं तोंडच बुजलं असतं. मला तरी ही दूरदृष्टी खुद्द कालव्याइतकीच मोठी वाटते.

कालव्याच्या समोरच्या काठावर पोर्ट फुआद हे शहर. म्हणजे हे जोडशहर आफ्रिका आणि आशिया अशा दोन खंडांत वसलंय, मधली ये-जा फेरीबोटीने.

आणि मुंबईवरचं या कालव्याचं ऋण विसरू नका. १८६९ साली कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या बोटींसाठी मुंबई हे हिंदुस्थानचं पश्चिमद्वार बनलं. १९६७ ते १९७५ कालवा बंद होता, तेव्हा या मार्गावरच्या बोटींना पुन्हा आफ्रिकेला वळसा घालावा लागला.