मदत हवी आहे: शुगर, बीपी, स्टेंट असलेल्या घरात फ्रिजवर लावायचा कागद तपासून द्याल का?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंना मधुमेह, ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू. सासऱ्यांना बीपी, हृदयात स्टेंट, मेटोप्रोलॉल चालू. आम्ही दोघं नोकरीला मकरपुऱ्याला. दिवसभर घरी मदतीला एक बेन (कामाच्या बाई) असतात. बाई हुशार आहेत, पण अचानक काही झालं तर काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. आम्हाला तरी कुठे शिकवलंय म्हणा!

निमित्त गेल्या आषाढीचं. सासूबाईंनी एकादशी धरली आणि गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. दुपारी बोलणं जड झालं, उजवा हात उचलेना. शेजारच्या काकांनी 'लकवा' जाहीर करून टाकला आणि बीपीची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायला निघाले. तेवढ्यात १०८ आली. त्यांनी आधी बोट टोचलं, शुगर ३८! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळात सासूबाईच विचारतात, "एवढी माणसं कशाला जमलीत?"

तर बेनसाठी एक कागद करतेय, त्या गुजराती वाचतात म्हणून नवरा गुजरातीत उतरवून देईल. माझा मसुदा असा:

१. १०८ ला फोन.
२. छातीत दुखलं तर ॲस्पिरिन चावायला द्या, लकवा वाटला तरी तीच.
३. शुद्ध हरपली तर साखरेचं पाणी तोंडात सोडा.
४. सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी) जिभेखाली.

जाणकारांनी चुका काढा, राग येणार नाही.

रावपुरा_अण्णा

क्रमांक चार सर्वात वर घ्या. आमच्या घरात प्रत्येकाच्या खिशात सॉर्बिट्रेट असते.

रातपाळी

ताई, मी इमर्जन्सीत नर्स आहे. मसुद्यातल्या दोन आणि तीनवर आधी काट मारा, मग पुढचं बोलू.

लकव्यात ॲस्पिरिन घरी द्यायची नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही, आम्हालाही नाही. ते सीटी स्कॅनवरच कळतं. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिननं तो वाढू शकतो. काकांची कॅप्सूल तर मुळीच नको. बीपी एकदम खाली आणलं की मेंदूच्या अडचणीत असलेल्या भागाला जे काही रक्त पोचतंय तेही तुटतं.

आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, मध, काहीही घालायचं नाही. सरळ फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा, श्वासावर नजर ठेवा आणि १०८.

आता मूळ मुद्दा. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडं बोलणं, नुसतंच विचित्र वागणं, काहीही असो, एकीनं फोन लावायचा आणि दुसरीनं शुगर बघायची. कमी शुगर लकव्याचं हुबेहूब सोंग आणते. ७० च्या खाली आणि नीट गिळता येतंय, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की पोळी-भाजी, बिस्किटं, जे असेल ते. पेढा देऊ नका. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

ग्लिमेपिराइडवाल्यांचं आणखी एक: बरं वाटलं म्हणून घरीच ठेवून घेऊ नका. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा घसरते, वय झालेल्या आणि किडनी मंद असलेल्या माणसात जास्तच. उपासाच्या दिवशी ती घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना एकादशीच्या आधी विचारायचं.

शुगर ठीक असेल तर लकवा समजा आणि घड्याळ बघा. शेवटचं नीट कधी बोलल्या, चालल्या, ती वेळ कागदावर लिहा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. घरचे मात्र "सकाळपासून जरा वेगळंच होतं" असं सांगतात, त्यानं काही ठरवता येत नाही.

बडोदेकरीण

बाप रे, बरं झालं विचारलं. अण्णांचं सॉर्बिट्रेट?

रातपाळी

सासऱ्यांना हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच, आणि बसवून. वरचं बीपी ९० च्या खाली असेल किंवा वायग्रासारखी गोळी घेतलेली असेल तर नाही, माणूस जागच्या जागी कोसळतो. अण्णा, खिशातल्या गोळ्यांची तारीखही बघा, उन्हात ठेवून त्यांचा जोर जातो.

ॲस्पिरिन छातीच्या दुखण्यात उपयोगी आहे, ३०० मिलिग्रॅमची साधी, चावून. ॲलर्जी नको, कुठे रक्तस्राव नको, आणि १०८ वर आधी विचारायचं. पण छातीत दुखेलच असं धरून बसू नका. मधुमेही बायकांमध्ये हार्ट ॲटॅक दम लागून, घामाघूम होऊन, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येऊनही दिसतो. "गॅस झालाय, ओवा द्या" म्हणत रात्र काढतात. ईसीजी पहिल्यांदा नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढायला लावा.

सासऱ्यांची मेटोप्रोलॉल कमी शुगरमध्ये होणारी धडधड आणि हाताची थरथर झाकते. पुढेमागे त्यांनाही शुगरची औषधं सुरू झाली तर घाम हीच मुख्य खूण उरेल, हे आताच लक्षात ठेवा.

निशिगंध_वडोदरा

वाड्याचा जिना अरुंद असेल ना? आमच्या काकांना छातीत दुखत असताना चालवत खाली आणलं होतं, डॉक्टर फार रागावले. हत्ते असलेली मजबूत खुर्ची जिन्याजवळ ठेवा. ॲम्ब्युलन्स आमच्या बोळात शिरत नाही, म्हणून खालच्या दुकानदाराचा नंबर लिहून ठेवलाय, तो नाक्यावर उभा राहतो.

बडोदेकरीण

खुर्ची आहे, दुकानदारही ओळखीचा आहे. सयाजी हॉस्पिटल आम्हाला जवळ, पण लकव्यासाठी कुठे न्यायचं हे आधीच ठरवावं का?

रातपाळी

हो. आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा: रात्री सीटी होतं का, आणि गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतात का. दोन्हीला हो म्हणणारं जे जवळचं, ते नाव कागदावर.

आणि बेनना एकदा हातावर मोजून दाखवा: माणूस हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, तर फोन स्पीकरवर, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. १०८ वाले मोजायला मदत करतात.

बडोदेकरीण

करते. ग्लुकोमीटर आहे, पण कपाटात पडलाय. पट्ट्या चालतील?

रातपाळी

डबी उघडल्याची तारीख आणि डबीवरची मुदत बघा, झाकण घट्ट नसेल तर दमटपणानं बिघडतात. टोचण्याआधी सासूबाईंचं बोट धुऊन कोरडं करा. आंबा सोललेल्या हातावर ३८ चे १३८ दिसू शकतात.