जाहिरात आणि डिझाइनमधली पहिली नोकरी: पोर्टफोलिओत काय ठेवू, कुठे अर्ज करू?

कच्चा_खर्डा
नमस्कार मंडळी. मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाल्या की नोकरीसाठी अर्ज करायचे आहेत. काम बरंच साठलंय: लोगो, पोस्टर, पॅकेजिंग, एका अ‍ॅपचे स्क्रीन, थोडं इलस्ट्रेशन. हे सगळं पोर्टफोलिओत घालू की निवडक? एजन्सी बरी, डिझाइन स्टुडिओ बरा, की एखाद्या कंपनीची स्वतःची टीम? मला लिहायलाही मनापासून आवडतं, तर कॉपीकडे, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिण्याकडे, वळावं का? आणि सगळ्यात जास्त धास्ती एआयची आहे. चित्र क्षणात तयार होत असेल तर नवख्या माणसाला कोण घेईल? या क्षेत्रातल्या लोकांनी मोकळेपणाने सांगा.

आडवी_रेघ
पहिला प्रश्न आधी घेतो, बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

निवडकच ठेव. सहा ते आठ कामं पुरेत. बघणारा माणूस दोन मीटिंगांच्या मधे तुझी लिंक उघडतो आणि सगळ्यात कच्च्या कामावरून तुझी पारख करतो. हे काम वगळावंसं जिला वाटलं नाही, तिची नजर अजून तयार व्हायची आहे, असा त्याचा अर्थ लागतो. सगळ्यात भक्कम काम पहिलं ठेव, त्याच्या खालोखालचं शेवटी.

आता कामाखालच्या मजकुराबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पोर्टफोलिओंत असं काहीतरी असतं: ‘रक्तदान मोहिमेसाठी पोस्टर. रक्ताचं प्रतीक म्हणून लाल रंग. सॉफ्टवेअर: फोटोशॉप, इलस्ट्रेटर.’ यावरून विद्यार्थ्याबद्दल मला काहीही कळत नाही. तेच काम असं मांडलेलं बघ: ‘एकदा रक्त देऊन गेलेले लोक पुन्हा येत नव्हते. काहींशी बोलले. सुईची भीती कुणालाच नव्हती, पण आपल्या रक्ताचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. म्हणून पोस्टर बाजूला ठेवलं आणि रक्त वापरलं गेलं की त्याच दिवशी दात्याला जाईल असा एक संदेश आखला.’ त्याखाली संदेशाचे तीन कच्चे खर्डे, आणि त्यातले दोन का सोडले याची एकेक ओळ. हे वाचलं की मी तुला फोन करणार, टायपोग्राफी (अक्षरांची निवड आणि मांडणी) अजून कच्ची असली तरी. टायपोग्राफी माझ्या शेजारी बसून शिकता येते. लोकांशी बोलून अडचण नेमकी कुठे आहे ते हुडकायची सवय लावायला फार वेळ जातो, आणि डेडलाइन डोक्यावर असताना तो वेळ कुणाकडे नसतो.

लिहायला आवडतं म्हणालीस, तर ती तुझी जमेची बाजू आहे. कला की कॉपी हा प्रश्न आज इतका टोकाचा ठरवायची गरज नाही. १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉयल डेन बर्नबॅक ही एजन्सी सुरू झाली. तोवर बहुतेक ठिकाणी कॉपीरायटर मजकूर लिहून आर्ट विभागाकडे धाडायचा आणि तिथे त्याला चित्र लागायचं. बिल बर्नबॅक यांनी दोघांना जोडीने कामाला बसवलं. त्यांची १९५९ ची फोक्सवॅगनची जाहिरात शोधून बघ: जवळपास रिकामं पान, वर डावीकडे एवढीशी बीटल, खाली ‘विचार छोटा ठेवा’ अशा अर्थाचं शीर्षक. मांडणी हेल्मुट क्रोन यांची, शब्द ज्युलियन कोनिग यांचे. शीर्षक झाकलं तर ती पांढरी जागा उगाच सोडल्यासारखी दिसते, आणि गाडी झाकली तर शीर्षकाला अर्थ उरत नाही. आपल्या प्रत्येक कामावर ही झाकून बघायची कसोटी लाव.

स्वल्पविराम
आडवी_रेघ यांच्याशी पूर्ण सहमत. मी कॉपीत आहे, त्यामुळे त्या बाजूने थोडं.

लिहायला आवडणं आणि कॉपी आवडणं यात अंतर आहे. इथे दिवसाचा बराचसा वेळ कापण्यात जातो. एखाद्या कंटाळवाण्या वस्तूसाठी, म्हणजे बॅटरी, कुलूप, झाडू अशा कशासाठी तरी, एका बैठकीत पन्नास शीर्षकं लिहून बघ. पहिली दहा-पंधरा कुणालाही सुचतील अशीच निघतात. त्यानंतर मन रडतं, आणि तिथून पुढे तू लिहायला लागतेस. त्यातली तीन ठेव, बाकीची टाकून दे. त्या टाकण्यात तुला आनंद वाटला तर कॉपी तुझी आहे. नुसती हळहळ वाटली तर कलेकडेच राहा आणि लिहिण्याची आवड केस स्टडी मांडायला वापर, ती वाया जात नाही.

आणखी एक दार आहे, ते वर्गात कुणी दाखवत नाही: प्लॅनिंग, म्हणजे स्ट्रॅटेजी. ग्राहक असा का वागतो याचा शोध घेऊन ब्रीफ, म्हणजे जाहिरातीतून काय साधायचं ते सांगणारा कागद, धारदार करायचं काम. १९६८ च्या सुमारास लंडनच्या दोन एजन्सींमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅनली पोलिट यांनी ते स्वतंत्र काम म्हणून उभं केलं. वरचं रक्तदानाचं उदाहरण वाचून चित्रापेक्षा त्या गप्पा तुला जास्त भावल्या असतील, तर हे दार ठोठावच.

सरावाला ब्रीफ कुठून आणायची हाही प्रश्न असतो. लंडनची डी अँड एडी ही संस्था १९६२ पासून आहे. तिची न्यू ब्लड नावाची स्पर्धा विद्यार्थी आणि नवोदितांसाठीच असते आणि तिची ब्रीफ खऱ्या ब्रँडकडून आलेली असतात. भाग घे किंवा घेऊ नकोस, पण ती वाच. चांगली ब्रीफ किती थोडक्यात असते ते कळतं.

तीन_मिमी
मी प्रॉडक्शन बघतो, माझं म्हणणं थोडकं आहे. छपाईचं काम दाखवत असशील तर फाइल खरोखर छापता येईल अशी असू दे. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना कड पांढरी राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत), फोटो प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). स्क्रीनचं काम असेल तर मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं दिसली की मी पुढचं पान उघडत नाही. ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाचा विचारच झालेला नाही, हे तिथेच कळतं.

मधली_खिडकी
एजन्सी, स्टुडिओ की कंपनी याबद्दल. एजन्सीत वर्षभरात नाना प्रकारचे क्लायंट हाताखालून जातात, वेग अंगवळणी पडतो, पण वेळापत्रक आपल्या हातात राहत नाही. स्टुडिओत ओळखचिन्हं, पॅकेजिंग, पुस्तकं यांवर शांतपणे खोल काम होतं. कंपनीच्या टीममध्ये एकच ब्रँड असतो, पण आपण केलेल्या बदलाने काय घडलं ते महिनोन्‌महिने बघता येतं. पहिल्या नोकरीला तरी नावापेक्षा एवढंच विचार: रोज माझं काम कोण बघणार, आणि त्यांना त्यासाठी वेळ आहे का? मुलाखतीत हे सरळ विचारावं. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा राग येत नाही.

पहिलं वर्ष बहुतेक अ‍ॅडॅप्टमध्ये, म्हणजे तयार जाहिरात वेगवेगळ्या आकारांत बसवण्यात, जातं, त्याने खचू नकोस. समजा होर्डिंगसाठी केलेलं आडवं की-व्हिज्युअल (जाहिरातीचं मुख्य चित्र) तुझ्याकडे आलं: डावीकडे धावणारी मुलगी, उजवीकडे शीर्षक, कोपऱ्यात लोगो आणि खाली अटींची बारीक ओळ. ते १०८० बाय १९२० च्या उभ्या स्टोरीत बसवायचंय. नुसतं लहान केलं तर मुलगी मुंगीएवढी होते. कापलं तर ती कुठे धावतेय तेच दिसत नाही. वरच्या आणि खालच्या पट्टीत अ‍ॅपची बटणं येतात, म्हणजे लोगो तिथे ठेवता येत नाही. मग ठरवावं लागतं की या जाहिरातीचा जीव कशात आहे: तिच्या चेहऱ्यात, तिच्या वेगात की शब्दांत? जीव वेगात असेल तर मुलीला तिरकं खालून वर आण आणि शीर्षक दोन ओळींत मोड. मूळ कल्पना ज्याने काढली त्याच्याइतकाच विचार इथे करावा लागतो. अशी कामं मन लावून करणारा ज्युनिअर सीनियरच्या लगेच नजरेत भरतो.

हिशेबी
पैशांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. निवडीसाठी छोटी चाचणी ठीक आहे. पण खऱ्या क्लायंटचं अख्खं कॅम्पेन ‘टेस्ट’ म्हणून मागत असतील तर नम्रपणे नकार द्यायचा, किंवा मोबदला विचारायचा. माझ्या ओळखीच्या एका मुलीला अशाच चाचणीनंतर काही कळवलंच नाही आणि पुढे तिची कल्पना बाजारात दिसली. निदान आपण पाठवलेल्या फाइली आणि ईमेल तारखेसकट जपून ठेव.

फ्रीलान्स करत असशील तर हक्क कुणाकडे जाणार ते आधी लिहून घे. नायकेचं चिन्ह कॅरोलिन डेव्हिडसन यांनी १९७१ साली विद्यार्थी असताना काढलं, बिल ३५ डॉलरचं. कंपनीने १९८३ मध्ये त्यांना आपणहून शेअर दिले हे चांगलंच झालं, पण तशी वेळ सगळ्यांवर येत नाही. किती तास काम झालं याचा दर आणि ते काम कुठे, किती काळ वापरलं जाईल याचा दर, हे दोन वेगळे मांडायला आत्तापासून शीक.

कच्चा_खर्डा
सगळ्यांचे मनापासून आभार. स्वल्पविराम ताई, कुलूप घेऊन बसले होते. पन्नास झाली नाहीत, पण ‘मन रडतं’ म्हणजे काय ते कळलं, आणि त्यानंतरच्या दोन ओळी खरंच आवडल्या. एआयबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. तेवढं सांगाल का?

आडवी_रेघ
धास्ती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. मूडबोर्ड (कामाचा सूर ठरवायला जमवलेली चित्रं) भरणं, फोटोतली पार्श्वभूमी बदलणं, एकाच कल्पनेची वीस रूपं काढणं ही कामं पूर्वी ज्युनिअरकडे यायची, आणि त्यांतली बरीच आता यंत्रावर होतात. म्हणून ही साधनं शीक, आणि कुठे वापरलीस ते पोर्टफोलिओत स्पष्ट लिही. लपवलेलं मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. पण वीस रूपांतलं कुठलं घ्यायचं आणि का, हे क्लायंटसमोर उभं राहून कुणीतरी सांगावंच लागतं. म्हणून तर सोडलेल्या खर्ड्यांबद्दल लिही असा आग्रह धरला. तुझ्या एका कामाचा मजकूर इथेच टाक, बघतो.

कच्चा_खर्डा
हा पॅकेजिंगचा: ‘पॅकेजिंग हा ब्रँडचा आरसा असतो. औषधाच्या गोळ्यांचं हे पाकीट मी वयस्कर लोकांसाठी नव्याने केलं. सकाळची गोळी कुठली आणि रात्रीची कुठली हे आजीला ओळखता येत नव्हतं, कारण दोन्ही पाकिटं निळी होती. मी सकाळच्या पाकिटाची कड गोल केली आणि रात्रीच्याची सरळ ठेवली, म्हणजे चष्मा नसतानाही हाताला कळेल.’

आडवी_रेघ
पहिलं वाक्य काढ, ते कुणाचंही असू शकतं. दुसरं शेवटी टाक. सुरुवात आजीपासून कर. आणि ती दोन पाकिटं आजीच्या हातात देऊन बघितलीस का? नसशील तर उद्याच दे, त्या वेळी त्यांच्या बोटांचा फोटो काढ आणि तो पहिल्या पानावर लाव. बोटं अडखळली तर तेही लिही, आणि मग कड कशी बदललीस ते. पीडीएफला स्वतःचं नाव दे, नुसतं ‘पोर्टफोलिओ फायनल’ नको. तसल्या नावाच्या फाइली माझ्याकडे ढिगाने आहेत आणि त्यातून कुणाची कुठली ते शोधता येत नाही.