उत्तर : 8 मीटर पाण्यात 40 मीटर साखळी सोडूनही नांगर का घसरला?

भाऊ, बेटाशी नांगर टाकताना तुमचा हिशोब पाण्याच्या खोलीशीच थांबला, 8 ची पाचपट 40. गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यावर दीड मीटर, भरतीचे आणखी दीड. म्हणजे 11 मीटर झाले. पाचपट धरली तरी 55 मीटर साखळी लागते. दोर असेल तर सातपट.

मी भंडाऱ्याकडचा शेतकरी, समुद्राचं ज्ञान वाचलेलं. पण नांगर कळतो! 1933 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी काढलेला 'सीक्यूआर' नांगर तर थेट फाळाच्याच घडणीचा आहे. बैलांची ओढ वर गेली की फाळ माती सोडतो, तसंच इथं. साखळी तळाशी आडवी पडली तरच तो रुततो.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात आम्ही डोंग्याला दगड बांधून बसलो होतो, दोर जेमतेम. वारा सुटला, दगड टुणटुण उड्या मारत निघाला अन् आम्ही थेट बेशरमच्या झुडपात. तिथं हसण्यावारी गेलं, तुमच्या बेटावर खडक असतो.

ज्वालामुखी बेटांचा उतार काठापासूनच खोल जातो, त्यामुळे जागा थोडीच मिळते. प्रवाळ टाळून फिकट दिसणारी वाळू शोधा. नांगर टाकल्यावर इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये ओढून बघा, काठावरचं झाड अन् मागचा सुळका एका रेषेत धरा. रेष मोडली अन् मोडतच गेली, तर नांगर सरकतोय. प्रशांत महासागरातल्या पिटकेर्नसारख्या उघड्या बेटावर सगळेच किनाऱ्यावर उतरू नका, एक जण गलबतावर ठेवाच.