मनुस्मृतीत मांस चालतं की वर्ज्य?

गिरगावकर: सोसायटीच्या ग्रुपवर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातले दोन श्लोक फिरताहेत. ५.३० म्हणतो, खाण्याजोगे प्राणी रोज खाल्ले तरी दोष नाही. ५.४८ म्हणतो, हिंसेशिवाय मांस मिळत नाही, सबब सोडावं. कुठला धरायचा? आणि मासळीचं काय?

पोथीवाला: श्लोक दोन्ही खरे आहेत, पण सुटे वाचले की घोळ होतो. ५.२६ ते ५.५६ सलग वाचा. ५.२६ मध्येच सांगितलंय की आता मांस खाण्याचा आणि वर्ज्य करण्याचा, दोन्हीचा विधी सांगतो. ५.२७ मध्ये मुभा कधी ते येतं: यज्ञात प्रोक्षण झालेलं (मंत्राने पाणी शिंपडून शुद्ध केलेलं), ब्राह्मणांची इच्छा असेल तेव्हा, विधीत रीतसर नियुक्त असताना, किंवा जिवावर बेतलं तर. नियुक्त असूनही न खाणाऱ्याला ५.३५ चक्क एकवीस पशुजन्म सुनावतो! ५.३७ मध्ये तुपाचा नाहीतर पिठाचा पशू करायची सोयही आहे. ५.४५ पासून सूर पालटतो. ५.५१ तर संमती देणारा, कापणारा, मारणारा, घेणारा-विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा अशा सगळ्यांनाच मारेकरी ठरवतो.

५.५६ ची गंमत वेगळीच. 'न मांसभक्षणे दोषो' (मांस खाण्यात दोष नाही) एवढंच एक गट पाठवतो, 'निवृत्तिस्तु महाफला' (पण सोडण्याचं फळ मोठं) एवढंच दुसरा. श्लोक एकच आहे हो.

माहीमचा म्हावरेकर: मासळीसाठी मागे जा. ५.१५ म्हणतो, मासे खाणारा म्हणजे सगळंच मांस खाणारा, म्हणून मासे टाळा. लगेच ५.१६ मध्ये पाठीन (एक मासा) आणि रोहू हव्यकव्यात, म्हणजे देवांना-पितरांना अर्पण करताना, चालतात, शिवाय खवल्यांचे मासेही. त्या हिशेबाने खवल्यांचा रावस पास, बिनखवल्यांचा शिंगाळा नापास.

गिरगावकर: मग पितृपक्षात मांस का नाही? ३.२६८ मध्ये मासळीने पितर दोन महिने तृप्त होतात, हरणाच्या मांसाने तीन, असं आहे ना?

पोथीवाला: आहे. पण पुढच्या निबंधकारांनी (धर्मशास्त्राचे नियम संकलित करणाऱ्यांनी) ते कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात बंद केलेल्या गोष्टींत, टाकलं. प्रसिद्ध पाच गोष्टी: अश्वमेध, गोवध, संन्यास, श्राद्धातलं मांस, दिरापासून संतती. भागवतही (७.१५.७) श्राद्धात मांस देऊ नये म्हणतं. कलिवर्ज्याच्या त्याच यादीत संन्यासही बंद आहे, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

म्हावरेकर: आता गीतेचा फॉरवर्ड येईल बघा. १७.८ ते १०, त्रिविध आहार. तिथे मांसाचं नावही नाही. शिळं, उष्टं, अमेध्य (अपवित्र) हे तामस. मांस 'अमेध्य'त बसवायचं तर तो टीकाकाराचा अर्थ, श्लोकाचा नव्हे.