जुन्या विज्ञानमालिकांची केवळ दृश्ये बदलावीत, की मालिकाच नव्याने करावी?

प्रश्न

सध्या मी ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका (१९६६ ते १९६९, एकूण ७९ भाग) पुन्हा पाहत आहे. २००६ पासून आलेल्या तिच्या आवृत्तीत अवकाशयानाची आणि ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने घडवून घातली आहेत. अभिनय, संवाद व कथा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. नवी दृश्ये देखणी आहेत, परंतु त्यांच्या पाठोपाठ स्टुडिओतले रंगवलेले खडक दिसले की दोन वेगळ्या काळांतली कापडे एकत्र शिवल्यासारखी वाटतात. जाणकारांचे याविषयी काय मत आहे?

प्रतिसाद १

मूळ चित्रण कशावर जतन झाले आहे, हा विचार आधी करावा लागतो. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेचे (१९८७ ते १९९४) चित्रण ३५ मिमी फिल्मवर झाले होते, पण संकलन आणि दृश्यांची जुळणी कमी स्पष्टतेच्या व्हिडिओटेपवर झाली होती. त्यामुळे २०१२ पासून तिची हाय डेफिनिशन आवृत्ती निघाली तेव्हा मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून प्रत्येक भाग नव्याने संकलित करावा लागला. यानाच्या प्रतिकृतीही फिल्मवरच टिपलेल्या असल्याने त्यांतल्या पुष्कळ चौकटी पुन्हा वापरता आल्या, आणि माझ्या मते ते काम सुंदर झाले आहे. ‘बॅबिलॉन ५’ या दुसऱ्या अवकाशमालिकेच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तिचे कलाकार रुंद चौकटीत टिपले होते, पण संगणकीय दृश्ये जुन्या टीव्ही पडद्याच्या ४:३ प्रमाणात बनवलेली होती. रुंद पडद्यासाठी ती कापून मोठी केल्यावर धूसर झाली.

प्रतिसाद २

‘रेड ड्वार्फ’च्या पहिल्या तीन पर्वांत १९९८ साली प्रतिकृतींच्या जागी संगणकीय यान घातले गेले, आणि ते अनेक चाहत्यांना रुचले नाही. मलाही मूळ प्रतिकृतीच अधिक भावते, कारण तिच्यावर खराखुरा प्रकाश पडलेला असतो. याउलट, ‘डॉक्टर हू’ मालिकेतील डालेक या परग्रहावरील शत्रूंच्या पृथ्वीवरील आक्रमणाच्या १९६४ च्या कथेच्या डीव्हीडीवर नवी दृश्ये पर्याय म्हणून दिली होती, ज्याला त्यांची जुनी उडती तबकडी पाहायची असेल, त्याला ती पाहता येत होती. निवड प्रेक्षकाच्या हाती ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते.

प्रतिसाद ३

पूर्ण पुनर्निर्मितीचे उदाहरण म्हणजे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’. १९७८ च्या मालिकेचा गाभा घेऊन २००३ मध्ये आलेल्या लघुमालिकेने पात्रे आणि सूर दोन्ही बदलले. तिच्या अवकाशयुद्धांत कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतो, यान शोधत अचानक जवळ जातो, आणि वार्तांकनासारखी ती अस्वस्थता त्या कथेला शोभते, कारण कथा आणि दृश्ये एकाच वेळी, एकाच दृष्टीने घडलेली आहेत. आपल्याला जाणवलेली शिवण तिथे दिसत नाही. म्हणून मूळ मालिका स्वच्छ करून तशीच जपावी, आणि सांगण्यासारखे काही नवे असेल तरच ती पुन्हा करायला घ्यावी, असे मला वाटते.