स्वसंरक्षणात मारलं, निर्दोष सुटलं, तर खर्च परत मिळतो का?

प्रश्न (सोलापूर): रात्री घर फोडून शिरलेल्याला मालकाने काठीने मारलं आणि गुन्हा मालकावरच नोंदला, तर खटला आपोआप थांबतो का? वकिलाची फी कोण भरून देतं?

उत्तर १: आपोआप नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात स्वसंरक्षण करणाऱ्याला खटल्यापासूनच संरक्षण आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधला स्वसंरक्षणाचा हक्क हा खटल्यात मांडायचा बचाव आहे, आणि तो आरोपीनेच दाखवायचा असतो. मात्र संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं जड झालं की पुरे. बहुतेकदा घात होतो तो कलम ३७ वर: गरजेपेक्षा जास्त घातलेली काठी बचावात बसत नाही.

उत्तर २: फीची थेट भरपाई नाही. खटला दंडाधिकाऱ्यांपुढे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले चालवण्याचा कायदा) कलम २७३ वापरा; त्यात विनाकारण आरोप करणाऱ्याकडून भरपाई मागता येते. निकालाच्या दिवशीच ही मागणी करायला वकिलांना सांगून ठेवा, आरोप वाजवी कारणाशिवाय होता हे कोर्टाला पटायला हवं. सत्र न्यायालयातल्या खटल्याला हे लागू नाही. दुसरा रस्ता द्वेषाने खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याचा; मुदत सुटकेपासून फक्त १ वर्ष. नुसती सुटका पुरत नाही, द्वेषबुद्धीही सिद्ध करावी लागते. फीच्या पावत्या जपा, रोखीत दिलेले पैसे कोर्टात दिसत नाहीत.

उत्तर ३: त्याच रात्री सिव्हिल हॉस्पिटलमध्ये स्वतःच्या जखमांची नोंद करा, उलट फिर्याद द्या, सीसीटीव्ही पुसलं जाण्याआधी काढून ठेवा. गुन्हा रद्द करायचा अर्ज आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे.